यंदाचं आगळ गोड

१

भिवा तांडेल सोमवारी सकाळी गेला, आणि दुपारच्या आत नाटे बंदरावर ठरूनही गेलं की त्याला धाकट्या सुनेने मारलं. आमच्या किनाऱ्यावर माणूस मरायला वेळ घेईल, पण त्याचं कारण ठरायला घेत नाही.

बरं, लोकांना तरी बोल कसा लावायचा? दिवाळीपासून त्या घरातलं एकेक माणूस पोट आवळून लोळत होतं. आधी भिवा, मग त्याची बायको ठमाबाई, मग थोरला मुलगा खंडू आणि खंडूची बायको गुणवंती. कळा अशा यायच्या की ताठ बसवत नसे, शौचाला चार चार दिवस होत नसे, तोंडं पांढरीफटक पडलेली. एकटी राही ठणठणीत. धाकट्या लवूची ती बायको, सातवा महिना लागलेली. लवू मुंबईच्या ट्रॉलरवर, त्याला धाडलेली तार अजून त्याच्या मागे फिरत असणार. घरची चूल राहीच्या हातात. आणि भिवा गेला त्याच सकाळी गुणवंतीने तांदळाच्या डब्यात माप घातलं, तर तळाशी कागदाची पुडी लागली. पुडीत लाल गोळ्या आणि पांढऱ्या गोळ्या.

मग काय राहिलं? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला द्यायला नकार दिला. आतडी तपासायला मुंबईला गेली, आणि तिकडून उत्तर यायला चार महिने लागतात असं कळलं. पोलीस पाटलांनी पुडीला लाखेचं सील केलं. राहीला ठमाबाईनेच दंडाला धरून कोठीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

चार महिने. राहीला बाळंत व्हायला तीनच उरले होते. बाळ कुठल्या छपराखाली जन्माला येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कोठीला खिडकी नव्हती. कौलांत बसवलेल्या एका काचेतून उजेडाचा चौकोन पडायचा आणि दिवसभर भिंतीवरून सरकत जायचा. चार दिवस राही त्या चौकोनाकडे बघत बसली होती. सोबतीला जाळ्यांचे ढीग, जाळ्यांना बांधायच्या शिशाच्या गोळ्यांची पाटी, दोन जुनी वल्ही आणि कोपऱ्यात सासूची ती बरणी. मांडीइतकी उंच, चिनीमातीची. ठमाबाईने माहेराहून आणलेली. तिच्यात वर्षाचं आगळ असायचं, म्हणजे कोकमांचा मिठात उतरलेला लालभडक रस. घरातली सोलकढी, सरबत, आमटीचा आंबटपणा, सगळं त्या बरणीतून निघायचं.

त्या बरणीकडे बघितलं की राहीला रडू फुटायचं. श्रावणात जाळी आवरताना तिच्या हातून एक वल्हं निसटलं होतं आणि बरणीच्या पोटाला केसाएवढी चीर गेली होती. सारवलेल्या जमिनीवर लाल ओघळ आला. राही पदराने तो पुसत होती, आणि दारात सासरा उभा.

"गप," भिवा म्हणाला होता. "तुझ्या सासवेला कळलां तर तुझ्याबरोबर माझांपण जेवण बंद व्हईल. तू भायेर बस, मी बघतंय."

आयुष्यभर होड्यांच्या गळत्या बुजवलेल्या माणसाला बरणीची गळती ती काय? दुपारी घरात कोणी नसताना आगळ घागरीत काढलं गेलं, चुलीशी राहीच असल्याने चार दिवस तिथूनच वापरलं गेलं, मग परत बरणीत भरलं गेलं, आणि त्यानंतर एक थेंब बाहेर आला नाही. दोघांनी तोंडं मिटली. वर म्हातारा रोज सकाळी पेलाभर आगळाचं पाणी पिताना सुनेकडे बघून डोळे मिचकवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "यंदाचां आगळ गोड उतरलांय हां!"

ते आठवून राही जाळ्यावर डोकं टेकून रडत होती, तेवढ्यात पडवीवर बुटांचा आवाज आला. अकराची एस.टी. आली होती, आणि एस.टी.तून पोलीस.

२

जमादार काशीराम राजापूरहून आले होते. मूळचे संगमेश्वराकडचे, चाळिशी ओलांडलेले, गणवेश अंगावर जरा सैलच. पडवी आणि कोठी यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. तिच्या फटीला डोळा लावून राही बघत होती. पाचच्या गाडीने तिला घेऊन जायचं, एवढाच त्यांना हुकूम होता. पण माणूस काही निघायच्या घाईत दिसेना. त्यांनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि सुपारीची खांडं बोटांनी एका ओळीत लावत बसले.

"मुलीला न्यायचीच आहे," ते म्हणाले. "पण पाचपर्यंत मला बसून काय करायचं? ठमाबाई, जरा समोर या. आ करा."

"आं?"

"हां, तसंच. ओठ वर करा. हिरड्या बघू दे."

ठमाबाईचा पारा चढायला एवढं पुष्कळ होतं. "गुन्हेगार धरूक इलास की दात बघूक? मी काय बाजारातली म्हस हाय?"

पण जमादारांनी बघायचं ते बघून घेतलं आणि "हं" म्हणाले. राहीला ते "हं" चमत्कारिक वाटलं. असं "हं" वैद्य म्हणतात.

"आता सांगा. जेवणातून विष गेलं म्हणता. मग ती जेवत नव्हती?"

"जेवत होती! त्यातच तर मेख हाय." ठमाबाई पुढे सरकली. "माझ्या मनात दिवाळीपासून येत होतां. मी काय केलां, पंधरा दिवस प्रत्येक भांड्यातला पयला घास तिलाच खायला लावला. आमच्या डोळ्यांदेखत. भात, कढी, कालवण, सगळां. ती खायची नि आमी खायचो. आमी पडलो, ती उभी! म्हंजे काय? हिकडून इख घालायचां नि तिकडून उतारा खायचा. त्या गोळ्या म्हंजे उतारा, सायेब!"

जमादारांनी फळ्यांच्या भिंतीकडे मान वळवली. "पोरी, ऐकतेस ना? गोळ्या कसल्या?"

चार दिवसांत राहीला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी दिलेल्या. लाल रक्ताच्या, पांढऱ्या चुन्याच्या. चौथ्या महिन्यापासून खातंय."

"मग तांदळात का पुरल्यास?"

उत्तर ठमाबाईनेच दिलं, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माझ्या घरात गोळ्या नको म्हणून मीच सांगितलेलां. गुणवंतीचा पयला गेला तो ह्या गोळ्यांनीच. पोटात पोर फुगलां नि वाटेत अडकलां."

"सिस्टर काय म्हणतात?"

"ती महिनाभर रजेवर हाय," पोलीस पाटील म्हणाले. "स्वतःच बाळंत झाली."

म्हणजे जिने सांगायचं ती नव्हती, आणि ज्याने तिची बाजू घ्यावी तो सासरा तर गेलाच होता. राहीने कपाळ फळीला टेकलं. आता फक्त पाच वाजायचे बाकी होते.

जमादारांनी पाटलांच्या हातातली पुडी घेतली. उलटसुलट केली. मग अंगठ्याने लाखेचं सील फोडलं. पाटील "अहो, अहो" करेपर्यंत त्यांनी एक लाल गोळी आणि एक पांढरी गोळी तोंडात टाकून वर तांब्यातलं पाणी पिऊन टाकलं.

३

पोलीस पाटील फुटलेली लाख वेचायला लागले. जमादारांनी मात्र मिशा पुसल्या.

"माझ्या बायकोची चार बाळंतपणं झाली आहेत. ह्या गोळ्यांचा वास मला झोपेतसुद्धा कळेल. विष नव्हे. उतारा आहे की नाही, ते पाचपर्यंत बघू. गुणवंतीबाई, या. आ करा."

गुणवंती काही सासूसारखी भांडकुदळ नव्हती, पण मनात ठेवून योग्य वेळी बाहेर काढणारी होती. तिने आ केला, पुन्हा एक "हं" मिळवलं, आणि बोलायला लागली.

"मला मेल्यांचां वायट बोलायची सवय नाय, आणि जित्यांचांपण नाय. पण ही साधी नाय, सायेब. चोरटी हाय. मी दोन-तीन वेळा बघितलांय. दुपारची सगळी निजली की कोठीत जायची नि बरणीतलां आगळ वाटीवाटीने प्यायची. नुसतां! पाणीसुद्धा घालायची नाय."

"डोहाळे," पोलीस पाटील पुटपुटले.

"डोहाळे सगळ्यांना लागतात. आमी विचारून खातो."

राहीला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. हे खरं होतं. तिला आंबटाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं, आणि सासूकडे मागायची छाती नव्हती. ठमाबाईचं तोंड सुटलं की शेजारच्या वाडीतली कुत्रीसुद्धा शेपूट घालायची. म्हणून चोरून गोळ्या, चोरून आगळ. ह्या घरात जे जे तिने स्वतःसाठी केलं ते चोरूनच केलं होतं, आणि आता तेच सगळं ओळीने तिच्याविरुद्ध साक्षीला उभं राहत होतं.

जमादारांना मात्र ह्या चोरीचा राग आलेला दिसला नाही. त्यांनी सुपारीचं एक खांड ओळीतून काढून वेगळं ठेवलं.

"दोन-तीन वेळा? कधी?"

"दसऱ्यापासून चाललांय."

"बरं. खंडूशेठ, तुम्ही."

खंडू बापासारखाच रुंद छातीचा गडी, पण आता सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. जमादारांनी त्याला दोन्ही हात पुढे करायला सांगितले. डावा सरळ राहिला. उजवा मनगटातून खाली पडला. खंडूने जोर लावला, कपाळावर घाम आला, पण पंजा काही वर उचलेना.

"किती दिवस?"

"पंधरा झाले. वल्हां धरवत नाय." त्याचे डोळे भरून आले. हात गेलेला खारवी म्हणजे काय, हे त्या पडवीत कोणाला सांगायची गरज नव्हती.

"बापाशी भांडण होतं म्हणे?"

"होतां की. मला होडीला इंजिन लावायचां होतां, त्यांना नको होतां. म्हणून मी बापाला मारीन? नि स्वतःचा हातपण मोडून घेईन?"

"नाही. हा हात मी ओळखतो," जमादार म्हणाले. "पोलिसात यायच्या आधी मी गिरगावात छापखान्यात होतो. खिळे जुळवायचो. दिवसाचे दहा तास शिशाचे खिळे चिमटीत. माझ्या शेजारच्या घोडीवर, म्हणजे खिळ्यांचे खण ठेवायच्या चौकटीवर, धोंडू म्हणून एक होता, हर्णैचा. त्याचा हात असाच पडला. पोटाच्या कळा ह्याच. आणि हिरड्यांवर दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ. ती रेघ आज ह्या घरात मी दोघींच्या तोंडात बघितली. तुम्ही आ करा, तुमच्याही असणार. हे शिसं आहे."

४

"शिसां?" खंडू एवढ्या दुःखातही हसला. "सायेब, आमी आज्याच्या वक्तापासून शिसां वितळवतो. जाळ्याच्या गोळ्या घरातच ओततो. दर पावसाळ्यात. आजपर्यंत कोण मेला?"

"हाच प्रश्न आहे," जमादार म्हणाले. "दर वर्षी होतं ते कारण नव्हे. यंदाच काय झालं? गोळ्या ओतून श्रावणातच झाल्या, आणि माणसं आजारी पडली दिवाळीला. पुढे पुढे आजार वाढत गेला. म्हणजे शिसं रोज पोटात जात होतं. घरात आणखी कुठल्या रूपात शिसं आहे?"

"नाय दुसरां काय."

"आठवा सावकाश."

उन्हाचा तापलेला वारा पडवीवर आला. पोलीस असला तरी पाहुणा, आणि पाहुण्याला कोरडं बसवणं ठमाबाईच्या रीतीत नव्हतं. ती उठली. कोठीची कडी वाजली, दार उघडलं. चार दिवसांत पहिल्यांदाच सासू-सुना एका उजेडात आल्या. ठमाबाईने राहीकडे पाहिलं नाही. करवंटीच्या डवलीने बरणीतलं आगळ वाडग्यात काढलं, पदर सावरला आणि गेली. कडी परत बसली.

बाहेर साखर ढवळल्याचा आवाज. खंडू आठवून आठवून बोलत होता.

"होडीला लावतो तो शेंदूर तेवढा हाय. बेलतेलात मळून लांबी करतो नि फटीत भरतो. यंदापण श्रावणात केली. पण तो शेंदूर, शिसां नव्हे."

"कोण म्हणतं नव्हे?" पेला हातात घेत जमादार म्हणाले. "शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच. मारुतीला लावा, होडीला लावा, काही होत नाही. पण आंबटात पडला की विरघळतो. आणि लबाड असा की कडू लागत नाही. छापखान्यातले जुने लोक म्हणायचे, शिसं जिभेला गोड लागतं."

राही बरणीकडे बघत होती.

गोड. सासऱ्याचे मिचकावलेले डोळे तिच्यासमोर आले. होडीची फट बुजवायची ती पाणी ज्या अंगाने दाबतं त्या अंगाने, हे तिने त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. होडीला पाणी बाहेरून दाबतं. बरणीला आतून. लाल रसाखाली लाल लांबी कोणाला दिसणार होती?

आणि त्याच क्षणी तिला दुसरंही दिसलं. हे बोलायचं म्हणजे बरणी मी फोडली हे बोलायचं. मेलेल्या माणसाने घराला स्वतःच्या हाताने विष पाजलं, तेही माझ्यासाठी, हे सासूच्या तोंडावर बोलायचं. गप्प राहावं तर पाचची गाडी. बोलावं तर ह्या घराचा उंबरा जन्मात ओलांडायला मिळणार नाही. दोन्हीकडून कडी लागलेली. पोटात बाळ जोरात हललं.

फटीतून तिला दिसलं, जमादार पेला ओठांकडे नेत होते.

"पिऊ नका!" राही फळ्यांवर दोन्ही मुठी आपटत किंचाळली. "सायेब, तां पिऊ नका! विष आगळात हाय!"

पेला अर्ध्यात थांबला. आणि ठमाबाई विजेसारखी उठली.

"ऐकलात? ऐकलात ना सगळ्यांनी? इख कशात हाय तां तिला ठाव हाय! आपल्या तोंडान बोलली!"

५

जमादारांनी पेला खाली ठेवला, सुपारीच्या ओळीच्या शेवटी. मग उठून स्वतः कोठीची कडी काढली.

राही बाहेर आली तेव्हा उजेडाने तिचे डोळे मिटत होते. भिंतीला धरून ती उभी राहिली आणि तसंच, मिटल्या डोळ्यांनी, तिने सगळं सांगितलं. वल्हं, चीर, घागर, मामंजींचं "गप."

"खोटां!" शेवटी ठमाबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात जीव नव्हता.

"खोटं की खरं ते बरणी सांगेल," जमादार म्हणाले. खंडूच्या डाव्या हाताची मदत घेऊन त्यांनी बरणी अंगणात आणवली, आगळ खड्ड्यात ओतवलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला. एकेकाने वाकून बघितलं. पोटाच्या खालच्या अंगाला वीतभर लांब, केशरी लालसर पट्टा. बोटाने नीट सारखा केलेला, तांडेलाच्या सराईत हाताचा. वरचा काठ अजून घट्ट होता. खालचा भुसभुशीत झाला होता, आणि निम्माशिम्मा तर नव्हताच.

"निम्मा कुठे गेला?" खंडूने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. त्याने आपल्या पडलेल्या हाताकडे पाहिलं.

"भिवा रोज सकाळी पेलाभर प्यायचा. म्हणून तो आधी गेला," जमादार म्हणाले. "आता ठमाबाई, तुमचं म्हणणं. हिला आधीपासून ठाऊक होतं? मग गुणवंतीबाई काय सांगतात ते ऐका. दसऱ्यापासून ही चोरून, कोणी बघत नसताना, वाट्या भरभरून तेच आगळ पीत होती. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. लोकांसमोर विष खाऊन दाखवणारा लबाड असू शकतो. पण चोरून विष पिणारा, पोटात लेकरू असताना? हिला दोन मिनिटांपूर्वी कळलं, मी शेंदराचं बोललो तेव्हा. आणि कळल्यावर हिने काय केलं? गप्प बसली असती तर मी प्यालो असतो, आणि बरणी तशीच राहिली असती. हिने स्वतःच्या गळ्यात फास घालून मला थांबवलं."

गुणवंतीने मान खाली घातली. तिने वाईट व्हावं म्हणून दिलेली साक्ष राहीच्या कामी आली होती. तिला आनंद झाला की वाईट वाटलं, ते तिचं तिला ठाऊक.

"पण मग," पोलीस पाटलांनी डोकं खाजवलं, "सर्वांत जास्त प्याली ती, आणि आजारी पडली नाही ती. हे कसं?"

"ठमाबाईंनी आधीच सांगितलंय की." जमादार पुडी हातावर तोलत होते. "उतारा. म्हातारी निम्मी बरोबर होती. छापखान्यात यायचे त्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं ते सांगतो. एस.टी.त आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? शरीरात चुना आणि लोह ज्या दाराने शिरतात, त्याच दाराने शिसं शिरतं आणि त्यांच्याच जागेवर बसतं. शरीर उपाशी असेल, रक्त कमी असेल, तर सगळी गाडी रिकामी, शिसं ऐसपैस पसरतं. जागा आधीच भरलेली असेल तर पुष्कळसं शिसं बाहेरच्या बाहेर निघून जातं. मी आणि धोंडू एकाच खोलीत, एकाच कामावर. मला आई रोज शेरभर दूध पाजायची आणि त्या डॉक्टरांच्या गोळ्या मोजून घ्यायला लावायची. धोंडू चहा-पावावर होता. त्याचा हात गेला. माझा हा आहे."

त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं हलवली. पोलिसाचा हात एवढा कौतुकाने बघितला गेल्याचं नाटे बंदराला आठवत नसेल.

"पण नीट ऐका. गोळ्या म्हणजे नुसती आड आहे, औषध नव्हे. जे आत शिरलंय ते काढायचं काम दवाखान्याचं. पोरी, तूही आ कर."

राहीने आ केला. जमादार बराच वेळ बघत राहिले.

"फिकट रेघ आहे," ते शेवटी म्हणाले. "खोटं सांगणार नाही. थोडं तुझ्यातही गेलंय. बाळाचं डॉक्टरच सांगतील. पुष्कळसं ह्या गोळ्यांनी बाहेर ठेवलं एवढं नक्की, नाहीतर तू अशी उभी नसतीस."

राहीने दोन्ही हात पोटावर ठेवले. सुटका झाली होती म्हणे. तिला काही तसं वाटेना.

६

पाचच्या गाडीने जायचंच होतं, पण आता सगळ्यांनीच. राजापूर, आणि तिथून रत्नागिरीचा मोठा दवाखाना. जमादार पंचनामा लिहीत होते, खंडू डाव्या हाताने पिशवी भरत होता. गुणवंतीने राहीच्या पाठीमागे येऊन तिची वेणी घालायला घेतली होती.

ठमाबाई अंगणात रिकाम्या बरणीपाशी उकिडवी बसली होती. मग तिने तोंड उघडलं.

"त्यांनी मला सांगितलां का नाय?"

तिने बरणीच्या काठावरून हात फिरवला.

"माझी बरणी. मी म्हटलां असतां फुटली तर फुटली." आणि मग, कोणी खोडायच्या आधी, तिनेच मान हलवली. "नाय. नसतां म्हटलां. आठ दिवस घर डोक्यावर घेतलां असतां. त्यांना ठाव होतां." ती राहीकडे वळली. चार दिवसांत पहिल्यांदा. "माझ्या भयान त्यांनी चीर लपवली. माझ्या भयान तू गोळ्या लपवल्यास. एक लपवलेलां त्यांना घेऊन गेलां, एक लपवलेलां तुला राखून राहिलां. मी मधी कोण गो?"

राहीच्या मनात राग होता. चार दिवसांच्या अंधाराचा, दंडावरच्या वळांचा, पंधरा दिवस सगळ्यांसमोर खाल्लेल्या त्या पहिल्या घासांचा. तो एका दुपारीत जाणारा नव्हता, आणि तिने तो गेल्याचं सोंगही केलं नाही.

"आज सकाळची गोळी खाल्लीस?" ठमाबाईने विचारलं.

"चार दिवस नाय खाल्ली. पुडी सील होती."

ठमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. आत गेली. विहिरीचं ताजं पाणी तांब्यात घेऊन बाहेर आली. जमादारांसमोर हात पसरला. त्यांनी पुरावा म्हणून जपायची ती पुडी मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली.

तिने एक लाल गोळी काढली, एक पांढरी काढली, आणि राहीच्या तळव्यावर ठेवल्या. तांब्या पुढे केला. मग काय मनात आलं कोण जाणे, तो मागे घेतला, वर धरला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यातला पहिला घोट स्वतः प्याली.

थोडा वेळ थांबली. मग पदराने तांब्याचा काठ पुसून तो सुनेच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "आता पी."